आज कोणी आले नाही

११ मार्च

दादा,

‘तीर्थरूप’ लिहावं की नुसतं ‘दादा’, यात दोन कागद वाया गेले. तीर्थरूप म्हटलं की भांडता येत नाही, म्हणून शेवटी दादाच.

अकरा महिन्यांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, क्वार्टरचं छत गळत नाही, आणि तू लावलेली लिंबाची रोपं मी अजून मारलेली नाहीत. मी कामापुरतं लिहिते आहे. बेटावरच्या आपल्या लाकडी करकोच्याच्या मानेचा रंग पोपडे धरून निघायला लागलाय. तू तो राखाडी कसा जमवायचास? मी पांढऱ्यात काळा मिसळून पाहिला तर निळसर झाला. दुर्बिणीतून पक्ष्याला हीव भरल्यासारखं दिसतं.

फोनवर विचारलं असतं. पण तू उचलत नाहीस, आणि भाचीबाई दर वेळी सांगतात, ‘बाबा फिरायला गेलेत.’ एवढं फिरणारा माणूस एव्हाना इथवर पोचला असता.

लाकडी पक्षी मला अजून लागतो, हे वाचून तू हसशील. सुताराकडून तो करून घेतलास तेव्हा मीच नाक मुरडलं होतं. तू म्हणालास, कॅमेरेवाल्यांना एक घरटं दाखवलं की ते दुसरं शोधत नाहीत. खरं घरटं मागच्या पाणकणसात आणि दुर्बीण पुढच्या बेटावर, असा तुझा हिशेब. आता तर लोक पूर्वीच्या दसपट येतात, तेव्हा तो मोडायची माझी काय छाती आहे?

तुला ऐकायचं नसेल तरी सांगते, परवाना-तिकीट काढून फाटक सगळ्यांना उघडल्यापासून तळं बदललंय. तिकिटाची खिडकी बंद झाली. तिथे आम्ही टोप्या आणि काठ्या ठेवतो, ज्याला हवी त्यानं घ्यावी आणि जाताना ठेवून द्यावी. नऊ महिन्यांत चार टोप्या गेल्या आणि एक छत्री जास्त आली. परवा अंधशाळेतली मुलं आली होती. मी त्यांना काय दाखवणार, म्हणून नुसतं काठावर बसवलं. एक मुलगी म्हणाली, “ताई, इथे पाणी दोन तऱ्हांनी वाजतं. डावीकडे मोकळं आणि उजवीकडे दाटलेलं.” अठरा वर्षं मी माहितीच्या खोलीत बसते, मला हे कधी ऐकू आलं नव्हतं.

गेल्या एप्रिलात तळ्याच्या मंडळापुढे फाटक उघडण्याचा माझा अर्ज वाचला गेला आणि तू किल्ल्या, शिट्टी आणि बॅटरी टेबलावर ठेवून निघालास. एकोणीस वर्षं जपलेलं तळं बहिणीनं गर्दीच्या हवाली केलं, असा तुझा राग, हे मी धरून चालले आहे. तू तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस, तेव्हा दुसरं काय धरणार?

रंगाचं तेवढं कळव. आणि खरं सांगायचं तर रंगाचं नाही कळवलंस तरी चालेल, काहीतरी कळव.

तुझी बारकी


२३ मार्च

दादा,

रंगाची गरज उरली नाही. आपलं पितळ उघडं पडलं. अजून बाहेर नाही, घरातल्या घरात, पण पडलं.

तळ्याकाठच्या वस्तीतल्या बायकांनी आत यावं म्हणून मी वर्षभर त्यांच्या दारात चपला झिजवल्या. पत्रकं वाटली. ‘तुमच्याच तळ्यात तुम्हाला कुणी अडवणार नाही,’ असं पन्नास वेळा सांगितलं. त्या माना डोलवायच्या, पाणी द्यायच्या, आणि येत नसत. मला वाटायचं, तुझ्या शिट्टीची भीती अजून गेली नाही. गेल्या गुरुवारी अचानक चौदाजणी आल्या. पुढे ती चटया विणणारी मावशी, उंच, डाव्या हाताचं एक बोट अर्धं नसलेली. तू ओळखत असशील, तू तिला एकदा भाऱ्यासकट पकडलं होतंस.

मी त्यांना पक्षी बघायच्या खोपीत नेलं, दुर्बीण लावून दिली आणि माझं नेहमीचं पुराण सुरू केलं. मादी अंड्यांवर आहे, म्हणून हलत नाही. जोडीदार चारा शोधायला गेलाय. मावशीनं एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

“बाई, ही उठते कधी?”

“उबवताना फारशी उठत नाहीत हो.”

“ते खरं. पण सतरा वर्षं झाली. पाय अवघडले असतील तिचे.”

मागच्या बायकांनी तोंडावर हात घेतले. एक तरणी मुलगी म्हणाली, “आम्ही तिला लाकडी सासू म्हणतो. बसल्या जागेवरून सगळ्यांवर नजर आणि स्वतः हलायचं नाव नाही.” मग मात्र खोपी दणाणली. मी उभी होते तशीच उभी राहिले. मावशीच त्यांना म्हणाली, “हसू नका गं, तिनं मनापासून सांगितलं.” ते हसण्याहून जास्त लागलं.

निघताना ती माझ्यापाशी थांबली. बोट न दाखवता नुसती हनुवटी मागच्या पाणकणसाकडे वळवली आणि म्हणाली, “खरी तिकडे बसलीय. कालपासून.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“दादाला विचार तुझ्या.”

म्हणून विचारते आहे. ती जागा तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, मलाही नाही. तू मला कधी नेलं नाहीस. लहानपणापासून तुझं एकच, ‘बारकीच्या तोंडात तीळ भिजत नाही.’ मग मावशीच्या तोंडात कसा भिजला?

बारकी


४ एप्रिल

दादा,

आता बाहेरही उघडं पडलं. लांब नळीच्या कॅमेऱ्याचा एकजण दोन दिवस खोपीत ठाण मांडून होता. त्यानं काढलेल्या फोटोत आपल्या पक्ष्याच्या शेपटीतला खिळा दिसतो. गंजलेला, डोक्यासकट. तो फोटो फोनाफोनी सगळीकडे फिरला. खाली कुणीतरी लिहिलं, ‘फुकट प्रवेश, फुकट पक्षी.’ लोकांना हसू आलं असतं तर निभावलं असतं, पण त्यांना राग आलाय, आणि तो खोटा नाही. एक आजोबा नातीला घेऊन आठ वेळा आले होते. नात दर वेळी त्या पक्ष्याला हात हलवून ‘येते’ म्हणायची. ते काल खोपीच्या दारातून म्हणाले, “निदान लहान मुलांना तरी खरं सांगायचं होतं, ताई.”

मंडळाचं तर विचारूच नकोस. फाटक उघडं ठेवायच्या चाचणीचं वर्ष संपायला दोन महिने आहेत, पण आढाव्याची बैठक ओढून २७ तारखेवर आणली. मंडळातले निवृत्त अभियंते तुला आठवत असतील, ज्यांना आपण कुंपणराव म्हणायचो. त्यांनी अधीक्षकबाईंना लेखी दिलंय: ‘एकोणीस वर्षं तळं बंद होतं, दर वर्षी पिल्लं होत होती. उघडलं आणि लाकूड शिल्लक राहिलं.’ वाक्य बसलंय त्यांचं, नाही म्हणता येत नाही. खरी जोडी मागे बसली आहे हे मी बाईंना एकट्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, “एका वर्षाचं काय धरायचं? पुढच्या वर्षी गर्दीला कंटाळून निघून गेली तर? माणसं आणि पक्षी एकत्र राहतात याला पुरावा आहे का तुमच्याकडे?”

नाही. माझ्याकडे टोप्या आहेत, काठ्या आहेत, अंधशाळेचं आभाराचं पत्र आहे. पुरावा नाही. म्हणजे २७ तारखेला पुन्हा परवान्याचे कागद, पुन्हा खिडकी आणि वस्तीच्या तोंडावर फाटक बंद.

लाकडी पक्षी कुणी बसवला, हेही त्यांनी मला विचारलं. जे सांगायचं ते मी सांगितलं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

बारकी


१३ एप्रिल

दादा,

हे पत्र बसून वाच.

काल मावशीच्या घरी गेले होते. एकच खोली, अर्धी पाणकणसाच्या पेंढ्यांनी भरलेली, ओल्या गवताचा वास, आणि मधोमध अर्धी विणलेली चटई. तिनं मला त्या चटईच्या विणलेल्या अर्ध्या भागावर बसवलं आणि न विणलेल्या बाजूला स्वतः काम करत राहिली. मी म्हटलं, “मावशी, दादा उत्तर देत नाही. तुम्हीच सांगा.”

ती म्हणाली, “आता फाटकच बंद होणार म्हटल्यावर सांगते. पण त्याच्या परवानगीशिवाय पुढे न्यायचं नाही.” मी कबूल केलं. मग तिनं सांगितलं.

तुझ्या नोकरीचं चौथं वर्ष. ती चोरून मागच्या बाजूनं कापायला शिरली होती. दहा पावलांवर घरटं आहे हे तिला माहीत नव्हतं. मादी उडाली. तू ओरडत आला नाहीस, तिचा हात धरून तिला चिखलात खाली बसवलंस आणि म्हणालास, “हलू नका. ती परत येईपर्यंत हलू नका.” दोन तास तुम्ही दोघं तिथे बसलात, गुडघाभर पाण्यात, भारा मध्ये. ती म्हणते, पहाटेच्या गार पाण्यानं दातावर दात आपटत होते, आणि तू आपला कोट काढून तिच्या अंगावर टाकलास. मादी परतली, अंडी चाळवली, बसली. मग तू तिला सरपटत बाहेर आणलंस आणि विचारलंस, “वर्षाला किती पेंढ्या लागतात तुम्हाला?”

त्यानंतर पंधरा वर्षं. मार्च ते जुलै मागे कुणी फिरकायचं नाही, वस्तीतलं पोरसुद्धा नाही. बाकीचे सात महिने पूर्वेच्या पट्ट्यात कापायचं, आणि ते सुद्धा तू सांगशील तिथेच, म्हणजे मध्ये मोकळं पाणी राहतं आणि पक्ष्यांना उतरायला जागा मिळते. मागची दिंडी तू स्वतः उघडायचास. वीस-बावीस बाया. तू पहाटे चारला फेरीला निघायचास आणि मी कूस बदलून म्हणायचे, काय हा माणूस, झोपेतसुद्धा शिस्त सोडत नाही.

आणि मागच्या दिंडीच्या रोजच्या नोंदवहीत तुझ्या टपोऱ्या अक्षरात एकच ओळ: ‘आज कोणी आले नाही.’

मी काल परत येऊन त्या वह्या काढल्या. पंधरा वर्षांच्या. पानामागून पान. मला रडू आलं ते तुझ्यासाठी नाही, उगाच खोटं कशाला बोलू. माझ्यासाठी आलं. कारण माझ्या अर्जातलं ते वाक्य मला तोंडपाठ आहे. अर्ज जोरकस व्हावा म्हणून मी ते तीनदा घासूनपुसून लिहिलं होतं: ‘येथील रखवालदाराने काठावरच्या गरीब स्त्रियांना वर्षानुवर्षे हाकलून लावले असून त्यांच्या मनात तळ्याविषयी भीती बसली आहे.’ अधीक्षकबाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि सगळी खोली तुझ्याकडे बघायला लागली. तू भिंतीकडे बघत होतास. मला वाटलं, शरमला.

तू एवढंच म्हणायला हवं होतंस की मी हाकललं नाही. पण तसं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि बावीस बायकांवर गुन्हा दाखल झाला असता. म्हणून किल्ल्या ठेवल्यास.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ती मी. लोकांना तळ्याशी जोडायचं म्हणून दारोदार पत्रकं वाटत होते, आणि ज्यानं ते आधीच केलं होतं त्याला मी त्याच लोकांचा शत्रू ठरवलं. त्या बायका वर्षभर आत का आल्या नाहीत, तेही मावशीनं सांगितलं. “तू त्याला घालवलंस. तुझ्या हातचं फुकट कसं घ्यायचं?”

“मग त्या दिवशी कशा आलात?”

“लाकडी सासूचा रंग उडायला लागला. आता बारकीला एकटीला मार पडणार असं दिसलं, म्हणून.”

मी चुकले, दादा. चुकले म्हणणं फार लहान आहे, पण माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

आता विचारायचं ते विचारते, आणि विचारताना लाज वाटते. कुंपणरावांना जो पुरावा हवा आहे, तो तुझ्याकडे आहे. पंधरा वर्षं माणसं आत येत-जात होती आणि दर वर्षी पिल्लं झाली. अंधशाळेतल्या त्या मुलीला जे मोकळं पाणी ऐकू आलं, ते त्या कापणीनं झालेलं आहे. हे २७ तारखेला बोललं गेलं तर फाटक राहील. पण रखवालदारानं पंधरा वर्षं नोंदवहीत खोटं लिहिलं, हेही त्याबरोबरच बोललं जाईल. तुझ्या नावावर एक डाग मी लावलाच आहे. दुसरा तुझ्या होकाराशिवाय लावणार नाही.

हो किंवा नाही, एवढं कळव. पोस्टकार्डावर चालेल. भाचीकडून निरोप चालेल.

बारकी


२१ एप्रिल

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे, उत्तर न देणं हेही उत्तर असतं.

वस्तीत काल बायका जमल्या होत्या. त्यांना मी म्हटलं, तुम्ही स्वतःहून बोललात तर तुमचा हक्क आहे, मी अडवणार नाही. मावशी म्हणाली, “तो आमच्यासाठी गप्प राहिला. आम्ही त्याच्यासाठी नाही राहणार?” तेव्हा ठरलं. २७ तारखेला मी टोप्या आणि काठ्यांविषयी बोलेन, अंधशाळेचं पत्र वाचेन, आणि बहुतेक हरेन.

एक गोष्ट मात्र राहिली. ‘पुन्हा कधीतरी’ म्हणून मी ती ढकलली होती. आता ढकलायला जागा उरली नाही.

अधीक्षकबाईंनी लाकडी पक्ष्याबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणाले, तो दादानं बसवला. ते खरंच आहे. पण पुढे त्यांनी विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?” आणि मी म्हणाले, “नाही.”

इतकं सोपं होतं ते. तू इथे नव्हतास, तुझं नाव आधीच खराब होतं, त्यात अजून एक. पडत्या भिंतीला अजून एक धक्का द्यायला फार जोर लागत नाही. बाई म्हणाल्या, “मलाही तसंच वाटलं होतं.” आणि माझी नोकरी वाचली. बाहेर येऊन मी शांतपणे चहा प्याले, हे सुद्धा लिहून ठेवते. मला तो चहा चांगला लागला होता.

तू पंधरा वर्षं खोटं लिहिलंस ते बावीसजणींसाठी. मी एका दिवसात एक शब्द खोटा बोलले, तो एकटीसाठी.

आता तू उत्तर दिलं नाहीस तर मी रागावणार नाही. रागवायचा हक्क मी त्या चहाबरोबर पिऊन टाकला.

बारकी


२९ एप्रिल

दादा,

बैठक झाली. तुला भाचीनं सांगितलंच असेल, पण माझ्या तोंडूनही ऐक.

शाळेच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. वस्तीतल्या बायका शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभ्या होत्या. बैठक सुरू व्हायच्या आत दारातून भाची आली. एवढ्या लांबून, पहिल्या गाडीनं, डोळे सुजलेले. मी धावले तर म्हणाली, “आत्या, मला फक्त पाकीट द्यायला सांगितलंय. बोलायला नाही.” आणि सरळ अधीक्षकबाईंच्या टेबलापर्यंत गेली. तुझीच मुलगी, शंका नको.

माझं बोलणं झालं. टोप्या, काठ्या, पत्र. कुंपणरावांनी त्यांचं वाक्य म्हटलं, आणि लोकांनी मान डोलावलेली मी पाहिली. मग बाईंनी तुझं पाकीट फोडलं आणि वाचायला लागल्या.

नऊ पानं, दादा. तू मला आयुष्यात कधी पाव पानापेक्षा जास्त लिहिलं नाहीस. मार्च ते जुलै काय, पूर्वेचा पट्टा कुठून कुठे, कोणत्या वर्षी किती अंडी, किती पिल्लं, दिंडीची किल्ली कुठे ठेवायचास. कुणाही बाईचं नाव नाही. ‘मी त्यांना बोलावलं, त्या स्वतःहून आल्या नाहीत. नोंदवहीत खोटे लिहिले ते मी. तळे कधीच बंद नव्हते. माणसांना कुठे जायचे नाही हे नीट समजावून सांगितले की कुंपण लागत नाही, हे मला पंधरा वर्षांत कळले, पण ते लिहिण्याचे धाडस झाले नाही.’ मावशी भिंतीला पाठ लावून ताठ उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ती ते पुसत नव्हती. कुंपणरावांनी चष्मा काढून ठेवला. त्यांच्यासारख्या माणसाचं ते कबूल करणंच झालं.

मग नववं पान. ‘बेटावरचा लाकडी करकोचा मी बसवला. माझ्या बहिणीला त्याची कल्पना नव्हती. तिला दोष देऊ नये.’

तेव्हा मला कळलं की माझी पत्रं तुला मिळत होती. सगळी. शेवटचं सुद्धा. २१ ला मी लिहिलं, आणि तू त्या नऊ पानी खऱ्यात एक खोटं मिसळून दिलंस, माझं खोटं टिकावं म्हणून.

लहानपणी शाळेची खिडकी मी फोडली आणि छड्या तू खाल्ल्यास, ते एक वेळ ठीक होतं. तेव्हा मी सहा वर्षांची होते.

मी उठले. म्हणाले, “शेवटचं पान खोटं आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गेलं वर्षभर तर मीच तो जपत होते आणि मीच लोकांना दाखवत होते. अधीक्षकबाईंशीही मी खोटं बोलले. आणि गेल्या वर्षीच्या अर्जात रखवालदाराबद्दल जे लिहिलं तेही खोटं होतं. मला माहीत नव्हतं, पण मी विचारलंही नव्हतं.” नातीला घेऊन येणारे ते आजोबा पुढच्या रांगेत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला त्याचं काय समजायचं ते कळलं नाही.

निकाल सांगते. फाटक राहिलं. परवाना नाही, तिकीट नाही, कायमचं. मागचा भाग मार्च ते जुलै बंद, आणि तो राखायचं काम वस्तीतल्या बायकांकडे, रीतसर लेखी. तुझ्या सेवेच्या नोंदीत लाल शेरा पडला. अधीक्षकबाईंनी तो लिहिला आणि लिहून झाल्यावर म्हणाल्या, “नियम म्हणून लिहिलं. मनापासून नाही.” ते काही नोंदीत येणार नाही, म्हणून मी तुला कळवते.

मला माहितीच्या खोलीतून काढलं. त्यात बाईंचं काही चुकलं असं मला वाटत नाही. महिन्याभरात क्वार्टर सोडायचं आहे. मावशीच्या शेजारी एक खोली रिकामी आहे.

तू मंडळाला नऊ पानं लिहिलीस आणि मला एक ओळ नाही. तक्रार नाही, नुसतं मोजलं.

बारकी


१२ मे

दादा,

काल सकाळी पहिल्यांदाच मी फाटकातून बाहेरच्या माणसासारखी आत गेले. किल्ली नाही, बिल्ला नाही. नवा रखवालदार मला ओळखतो, बिचारा संकोचून उठायला लागला. मी म्हटलं, बस. त्यानं नाव विचारलं नाही, काम विचारलं नाही. फार बरं वाटलं, आणि वाईटही, दोन्ही एकदम.

आता त्या चौदाजणींतल्या दोघी लोकांना फिरवतात. तरणी ती सासूवाली मुलगी माझ्यापेक्षा चांगलं बोलते. ती पुराण लावत नाही. ‘घरटं आहे, पण दाखवणार नाही,’ असं सरळ सांगते, आणि लोक ऐकतात. मी अठरा वर्षांत एकदाही असं करून पाहिलं नाही. पिल्लं दोन आहेत. पूर्वेच्या मोकळ्या पाण्यात आईबापांच्या मागून चालताना दिसली, पिवळट, लांब पायांची, दर चार पावलांना अडखळणारी. मी पाऊण तास पाहत होते, दुर्बिणीशिवाय.

तुला काही विचारायचं उरलेलं नाही, म्हणून हे पत्र लहान आहे. एवढंच सांगायचं आहे की आत यायला आता कुणाची परवानगी लागत नाही. तुझी नाही, माझी नाही. तू कोण, कुणाचा भाऊ, तुझ्या नोंदीत कसला शेरा आहे, हे फाटकावर कुणी विचारत नाही. सकाळी सहाला उघडतं. काठावरच्या दुसऱ्या बाकावर मी असते, नोकरी नसल्यामुळे रोजच असते.

आलास आणि माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही, तर नुसता समोरून निघून जा. मी हाक मारणार नाही.

असं लिहिलं खरं, पण माझा भरवसा धरू नकोस.

बारकी